लंबूच्या वडिलांचे दात

काकूंचा धंदा दातांचा. दात उपटणं आणि बसवणं ही कामं डॉक्टर लोकांची, आणि नावही त्यांचंच व्हायचं. काकू मागे बसून कवळ्या बनवायच्या. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली, दोन टेबलं, एक घासायचं चाक, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने मांडलेले लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे. नवीन माणूस दारातच थबकायचा. काकू म्हणायच्या, या हो आत, ही सगळी गरीब मंडळी आहेत, उलटून बोलत नाहीत.

उलटून बोलणारी दोन माणसं घरी होती. एक काका, म्हणजे त्यांचा नवरा. ते गावभरच्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचे, पण घरातला मोरीचा नळ गळतोय हे त्यांना कधी दिसलं नाही. दुसरी मुलगी, बबडी. कॉलेज संपवून ती घरी बसली होती. बसली म्हणजे खरोखरच बसली होती, खिडकीत, हातात फोन घेऊन. काकूंनी बोलून बोलून हात टेकले. अशात बबडीला कुठून तरी त्या कार्यक्रमाचा पत्ता लागला. देशोदेशीच्या तरुण पोरांना एकत्र आणायचं, सभा कशी चालवायची, चार डोकी एका कामाला कशी लावायची हे शिकवायचं, आणि शिकवताना त्यांना एकमेकांच्या घरात ठेवायचं. काका म्हणाले, आता पुढारी बनवायचेही क्लास निघाले का, आजवरचे आपोआप उगवले ते काय कमी होते! पण बबडी हट्टाला पेटली आणि निवडही झाली.

यातली खरी मेख म्हणजे अदलाबदल. बबडी ज्या घरात राहणार, त्या घरातला मुलगा बबडीच्या घरात राहणार. तिची खोली त्याला, त्याची खोली तिला. सहा महिने. पोरगी द्या आणि पोरगा घ्या, असा हा सौदा, असं काकू शेजारणींना हसत सांगायच्या आणि रात्री उशीला तोंड लावून रडायच्या.

तो मुलगा आला तो दाराच्या चौकटीला डोकं आपटूनच. उंचच्या उंच, हडकुळा, आणि लाजरा. काकांनी त्याच क्षणी त्याचं नाव लंबू ठेवलं. आपली भाषा तो शिकून आला होता, पण पुस्तकातली. पाणी हवं असलं तरी 'कृपया मला पाणी मिळेल काय' म्हणायचा. काकू म्हणाल्या, अरे बाबा, घरात कृपया नसतं, पाणी दे म्हण. ते त्याला कधी जमलं नाही. 'काकू' मात्र त्याने पहिल्याच दिवशी उचललं, आणि असं उचललं की काकूंना वाटायला लागलं, हा शब्द आपल्याला आजवर कुणी नीट म्हटलाच नव्हता.

लंबूच्या गावाची एक पद्धत होती. कुणाबद्दल तक्रार असेल, तर आधी समोरच्याची बाजू आपण मांडायची. समोरचा 'हो, हेच माझं म्हणणं' असं कबूल करेपर्यंत मांडायची. मगच आपली तक्रार. मोरीच्या नळावरून काकाकाकूंची जुंपली तेव्हा लंबूने दोघांना समोरासमोर बसवलं आणि काकांना काकूंची बाजू मांडायला लावली. काका आधी हसण्यावारी नेत होते. मग म्हणाले, हिला सकाळी कामाला जायची घाई असते, पाय ओले होतात, मी ऐकल्यासारखं करतो आणि पेपर वाचतो. एवढं स्वतःच्याच तोंडाने म्हटल्यावर ते मुकाट्याने उठले आणि पाना घेऊन मोरीत शिरले. काकूंनी लंबूला आणखी एक अंडं वाढलं.

पुढे हाच प्रयोग त्याने इमारतीच्या पायऱ्यांवर टवाळक्या करत बसणाऱ्या पोरांवर केला. तळमजल्यावरचे पेन्शनर आणि ही पोरं यांच्यात आरडाओरड्यावरून रोज तमाशा व्हायचा. लंबूने पोरांना पेन्शनरांच्या वतीने बोलायला लावलं आणि पेन्शनरांना पोरांच्या वतीने. त्यातून काय चक्र फिरलं कोण जाणे, पण गच्चीवरची अडगळीची खोली रिकामी झाली, पोरांनी ती रंगवली आणि पेन्शनरांनी आपला कॅरमबोर्ड तिथे नेऊन ठेवला. कार्यक्रमाच्या मॅडम येऊन फोटो काढून गेल्या. शेवटचा मोठा मेळावा लंबूने चालवायचा, असं तेव्हाच ठरलं.

संध्याकाळी जेवायच्या वेळी दोन्ही घरांनी फोन लावायचा, हा कार्यक्रमाचाच नियम होता. इकडे फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचा, तिकडे बबडी कशालातरी टेकवून ठेवायची, आणि दोन घरं एकत्र जेवायची. लंबूचे वडील होड्या बांधायचे. माणूस हसरा, पण हसताना तोंडावर हात. पुढचे चार दात एका होडीच्या फळीने कधीच नेले होते. काकूंचा जीव तिथेच अडकला. धंद्याची नजर, दुसरं काय! त्यांनी लंबूला सांगितलं की तिथल्या डॉक्टरकडून वडिलांच्या जबड्याचा साचा घेऊन पाठवायला सांग, बाकी मी बघते. साचा आला, वाटेत कुठे टवकाही न उडता. एका संध्याकाळी काकूंनी दातांच्या रंगांची पट्टी फोनसमोर धरली आणि लंबूच्या वडिलांना उरलेले दात दाखवायला लावले. त्यांनी हात बाजूला केला, तोंड उघडलं, आणि सगळे इतके हसले की बबडीला ठसका लागला. काकूंनी सगळ्यात पिवळट रंग निवडला. मेळाव्याच्या दिवशी वडील पडद्यावर दिसणार होते. तोपर्यंत दात पाठवून द्यायचे आणि त्या दिवशी त्यांनी हात न लावता हसायचं, असा लंबूचा बेत होता.

आणि मग तो फोन आला.

दुपारची वेळ. काकू मेणात दात बसवत होत्या. बबडीचा फोन असा अवेळी कधी यायचा नाही. तिने सांगितलं. लंबूचे वडील सकाळी उठलेच नाहीत. झोपेतच गेले.

काकूंच्या हातातलं मेण हातातच गार झालं. त्या म्हणाल्या, अगं, मी अशीच त्या कार्यक्रमाच्या केंद्रावर जाते, त्याला घेऊन येते, पहिल्या विमानाने पाठवू. तर बबडी म्हणाली, नाही. लंबूला सांगायचं नाही. त्याच्या आईने बजावून सांगितलंय. त्यांच्यात मरणाची बातमी फोनवर देत नाहीत, परक्यानेही देत नाहीत. आईच्या भावाने समोर बसून द्यायची. मामाने दोन्ही हात धरायचे आणि सांगायचं. तोपर्यंत मुलासाठी बाप आहेच. मामा निघतोय. तो येईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही.

"आणि मातीला?" काकूंनी विचारलं.

मातीला थांबत नाहीत, बबडी म्हणाली. सूर्य मावळायच्या आत करतात. आत्ता नेलंसुद्धा.

काकूंनी मॅडमना गाठलं. मॅडमना आधीच कळलं होतं, त्यांच्या टेबलावरचा चहा साय धरून पडला होता. काकू भडकल्या होत्या. त्या म्हणाल्या, हे काय चाललंय? पोराचा बाप गेलाय आणि पोरगं वरच्या वर्गात सभा कशी चालवायची याचे धडे गिरवतंय. माझ्या घरात जेवतोय तो, माझ्या डोळ्यांसमोर. मी त्याच्या ताटात काय म्हणून वाढू? मॅडमनी ऐकून घेतलं. यजमान आईवडिलांचंही एक शिबिर झालं होतं, गोल खुर्च्या मांडून, आणि तिथे 'वेगळं म्हणजे चुकीचं नव्हे' हे वाक्य काकूंनी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं होतं आणि टाळ्या मिळवल्या होत्या. मॅडमनी ते काढलं नाही, एवढं बरं. त्या फक्त म्हणाल्या, काकू, लंबू करतो तसं करू या. त्याच्या आईची बाजू तुम्ही मांडा. मग तुमचं म्हणणं मी वरपर्यंत नेते.

काकूंनी मांडली. रागारागातच सुरुवात केली. म्हणाल्या, त्या बाईला वाटतं की आपलं पोर परक्या देशात, परक्यांच्या घरात, एकट्याने कोसळू नये. त्याला धरायला आपल्या रक्ताचं कुणीतरी असावं. फोनमधून आलेली बातमी कानात राहते आणि फोन तर आपण दुसऱ्या दिवशीही कानाला लावतो. मातीला तो असाही पोचणार नव्हता. मग चार दिवस बाप आणखी जिवंत राहिला, तर कुणाचं काय गेलं. आणि ज्या बाईचा नवरा आजच गेलाय, तिचं एवढं एक मागणं आपण मोडायचं, तर कुठल्या तोंडाने.

बोलता बोलता काकूंचा आवाज खाली आला. सगळं मांडून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, आता तुमची बाजू. काकूंनी तोंड उघडलं, पण त्यांच्याकडे सांगायला काही शिल्लकच नव्हतं. 'मला जमणार नाही' एवढंच होतं, आणि ती काही बाजू नव्हे. त्या पर्स उचलून घरी आल्या.

काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, मी या पोरासमोर बसूच शकणार नाही, माझ्या तोंडावर दिसतं. आणि त्यांनी वरचेवर जास्तीचं काम घ्यायला सुरुवात केली. कुठली ना कुठली लिफ्ट रोज अडकायला लागली. काकू मनात म्हणाल्या, वा, हे बरंय, पुरुषांना पळायला लिफ्ट, आणि आम्ही कुठल्या मजल्यावर जायचं? पण बोलून दाखवलं नाही. निदान एकाला तरी पळता येतंय, तर पळू दे.

मामा दोन-तीन दिवसांत पोचतील असं बबडीने सांगितलं होतं. पण मामांनी आयुष्यात कधी देश सोडला नव्हता. त्यांचे कागद होईनात. एका कचेरीतून दुसरीत, दुसरीतून परत पहिलीत. बबडी रोज सांगायची, उद्या होईल. काकू रोज विचारायच्या आणि रोज जीव टांगणीला. आणि इकडे लंबू सकाळी उठून शीळ घालायचा, बबडीचा टॉवेल खुंटीवर नीट टांगायचा, आणि केंद्रावरून आल्याबरोबर विचारायचा, काकू, दात कुठवर आले?

दात. काकूंनी मेणात बसवलेले दात तसेच ठेवले होते. हात लावायचा धीर होत नव्हता. पण लंबू एक दिवस सरळ छापखान्यावरच्या खोलीतच येऊन उभा राहिला, दारात वाकून. त्याला बघायचं होतं. काकू काय करणार? त्याच्यासमोर त्यांनी तो साचा खाली काढला. लंबूने वडिलांचा जबडा तळहातावर घेतला आणि अंगठ्याने त्या मोकळ्या जागेवरून हात फिरवला. म्हणाला, इथून ते शीळ घालतात, काकू, दात बसल्यावर शीळ जाईल का? काकू म्हणाल्या, नाही रे, सवयीने जमते. आपल्या आवाजाचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

मग त्याच्या देखत काम पुढे न्यावंच लागलं. मेण वितळवून काढलं, गुलाबी लगदा भरला, शिजायला ठेवलं. दुसऱ्या दिवशी चाकावर घासायला घेतलं. हयातभर काकूंनी इतक्या कवळ्या केल्या, पण या चार दातांना जितका वेळ दिला तितका कुणाला दिला नाही. एक कड हिरडीला टोचेल असं वाटलं म्हणून त्यांनी ती पुन्हा घासली, आणि घासता घासता त्यांना एकदम कळलं की आपण काय करतोय. कुणाला टोचणार होती ती? त्यांनी चाक बंद केलं आणि ओढणीत तोंड लपवून रडून घेतलं. मग उठून कड पुरी केली. अर्धवट ठेवायची सवयच नव्हती.

संध्याकाळचा फोन हा तर रोजचा फाशीचा खांब. नियम होता म्हणून लावायचाच. बबडीला लंबूच्या घरच्यांनी घरामागच्या खोलीत बसवलं होतं, कोऱ्या भिंतीसमोर, म्हणजे मागचं दुखवट्याचं घर दिसू नये. ती जेवतेय असं दाखवायची. लंबू विचारायचा, बाबा कुठेत? तर कधी लाकूड बघायला गेलेत, कधी आईला घेऊन पलीकडच्या बंदरावर गेलेत. पहिल्यांदा त्याला पटलं. दुसऱ्यांदाही पटलं. मग एक दिवस त्याने घास खाली ठेवला.

त्याने बबडीला काही विचारलं नाही. तो काकूंकडे वळला. पुस्तकातली भाषा सोडून, अगदी साधं म्हणाला, "काकू, घरी काही झालंय का? तुम्हाला काही कळलंय?"

समोर तांब्याला टेकलेल्या फोनमध्ये बबडी बघत होती. काकूंना वाटलं, हीच वेळ आहे. आता 'हो' म्हणावं, आणि त्या मामाचं, त्या कागदांचं, त्या सगळ्या शिकवणुकीचं काय व्हायचं ते होवो. जिभेच्या टोकावर आलं होतं. पण डोळ्यांसमोर ती बाई आली, नवरा गेलेली, अनोळखी लोकांच्या शब्दावर पोर सोपवून बसलेली. आपलीही पोर तिच्याकडेच होती.

आणि काकू हसल्या. अशा हसल्या की कुणाला शंका यायला नको. म्हणाल्या, "वेड्या, काही असतं तर बबडीने मला आधी सांगितलं असतं की नाही? माझ्यापासून ती काही लपवते का? ती बघ समोर बसलीय, तिलाच विचार."

लंबूने फोनकडे बघितलं. बबडीने समोरचं ताट सरळ केलं. मग ती पण हसली. म्हणाली, "सगळं ठीक आहे रे. तुझे बाबा म्हणाले, मेळाव्याच्या दिवशी नवीन दात घालूनच बसणार."

लंबूचा जीव भांड्यात पडला. त्याच्या चेहऱ्यावरच दिसलं. त्याने पुन्हा भात मागून घेतला, आणि जेवणानंतर होड्या पाण्यात ढकलताना त्याचे वडील जे गाणं म्हणत, ते त्याने ताटावर ठेका धरून म्हणून दाखवलं. काकूंनी टाळ्या वाजवल्या. मग भांडी घेऊन मोरीत गेल्या आणि नळ सोडून, पाण्याच्या आवाजात, खाल्लेलं सगळं ओकल्या.

शेवटी मामा आले. मेळावा व्हायच्या आधीच आले, त्यातही नशीब. बुटका, सुरकुतलेला माणूस, अंगात दुसऱ्या कुणाचा तरी कोट. मॅडम त्यांना घरी घेऊन आल्या. लंबूने दार उघडलं आणि मामा दिसले, आणि त्याच क्षणी त्याला कळलं. त्यांच्यात मामा असा वाट वाकडी करून उगाच येत नाही. तरी तो मागे सरला, जमिनीवर बसला, दोन्ही हात पुढे केले. मामांनी ते धरले आणि त्यांच्या भाषेत सांगितलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. भाषा कळत नव्हती, पण शब्द फारच थोडे होते. लंबू पुढे झुकला आणि मामांच्या कोटात तोंड खुपसून पडला. मामा त्याला झुलवत राहिले. इतकं मोठं ते पोर त्या एवढ्याशा माणसाने अंगावर पेललं होतं. काकूंना वाटलं, बरोबर होती ती बाई. आपल्याला हे पेललं नसतं. हे कळूनही त्यांना जरासुद्धा बरं वाटलं नाही.

सामान बांधायला वेळ लागला नाही. काकूंनी वाटेत खायला म्हणून चार गोष्टी बांधून दिल्या. आणि ती डबी, दातांची. द्यावी की न द्यावी हे त्यांना ठरवता येत नव्हतं, तर लंबूनेच ती फळीवरून उचलली, उघडली, बघितली आणि बंद करून खिशात टाकली.

"हे घासत होतात, तेव्हा माहीत होतं?" त्याने विचारलं.

"हो," काकू म्हणाल्या.

"मी गाणं म्हटलं, तेव्हा?"

"तेव्हाही."

त्याने मान हलवली. मग आपल्या त्या पुस्तकातल्या भाषेत म्हणाला, "आपण योग्य केलंत. आमची पद्धत तशीच आहे. मी आपला आभारी आहे." तो तुम्हीवरून आपणवर गेला होता, आणि वाक्यात काकू नव्हतं. 'काकू' ही घरातली हाक होती, ती त्याने काढून घेतली. काय ते कळायला त्यांना एवढं पुरेसं होतं. चौकटीला डोकं लागू नये म्हणून तो यावेळी न विसरता वाकला आणि निघून गेला.

मेळावा झाला. पायऱ्यांवरच्या पोरांनीच चालवला म्हणे, आणि चांगला चालवला. काकू गेल्या नाहीत.

बबडीला मॅडमनी विचारलं होतं, परत यायचंय का म्हणून. पण लंबूच्या आईला ती हवी होती, आणि बबडी राहिली. काकूंनीही राहा म्हणून सांगितलं. त्या घरात आता लंबूही होता, बबडी बाहेरच्या खोलीत झोपत होती. संध्याकाळचे फोन मात्र चालूच होते. आता काही लपवायचं नव्हतं, तेव्हा काकूंना वाटलं होतं की मायलेकी मनमोकळं बोलतील, रडतील, हलकं होईल.

एका संध्याकाळी फोन लागला तसा बबडीने विचारलं, बाबा कुठेत? काकू म्हणाल्या, कामावर, कुठेतरी लिफ्ट अडकलीय, येतीलच. खरंच अडकली होती. माणसं आत होती आणि काकांचा निरोप आला होता की उशीर होईल. बबडी म्हणाली, त्यांना फोन लावून दे. काकूंनी दुसऱ्या फोनवरून लावला. लागेना. खाली लिफ्टच्या खड्ड्यात उतरले की त्यांचा फोन कधीच लागत नसे, आणि हे बबडीला लहानपणापासून ठाऊक होतं.

"लागत नाहीये गं. खाली असतील."

बबडी फोनच्या अगदी जवळ आली आणि आईचा चेहरा बघत राहिली.

"अगं, असं काय बघतेस?" काकू हसल्या. "येतील आता. तुझ्याशी बोलल्याशिवाय झोपणार आहेत का ते?"

"आई, हसू नकोस."

काकूंचं हसू तोंडावरच राहिलं.

"त्या दिवशी लंबूशी असंच बोललीस," बबडी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर परवडलं असतं. "मी समोर होते. सगळं माहीत असून समोर बसले होते, आणि तरी मला एक क्षण वाटलं, काही झालंच नाहीये. इतकं खरं वाटलं. आई, मला कळतच नाहीये आता. कालही तू म्हणालीस, बाबा झोपलेत. परवा म्हणालीस, अंघोळीला गेलेत."

"झोपलेच होते गं, बबडे. अंघोळीलाच गेले होते."

"असतील."

काकूंना काय काय सांगावंसं वाटलं. की ते सगळं त्या घरासाठी केलं. की तुझ्याशी मी कधी खोटं बोलेन का. पण हेच तर त्या लंबूला म्हणाल्या होत्या, याच खुर्चीत बसून. जे जे म्हणून तोंडात येत होतं, ते सगळं आधीच एकदा वापरून झालं होतं.

"लंबूला विचारायला निदान मी तरी होते," बबडी म्हणाली. "मी कुणाला विचारू?"

बाहेर जिन्यात कुणाचे तरी पाय वाजले, पण ते वरच्या मजल्यावर गेले. मग काकूंनी फोन तांब्यापासून उचलला, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि दाराकडे तोंड करून ठेवला. दोघी दाराकडे बघत बसल्या.